गडी हलवण्याआधी: मिनिएचर खेळात कृतीची वेळ आणि किंमत

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी टेबल टेनिसचं टेबल जाळी काढून आम्हाला मिळतं. नऊ फूट बाय पाच फूट, म्हणजे मिनिएचरचे, टेबलावर छोटे पुतळे मांडून फाशांनी खेळायच्या लढाईचे, दोन डाव शेजारी शेजारी आरामात बसतात. गेल्या पावसाळ्यात कळव्याहून एक कॉलेजातला मुलगा खेळायला आला होता. पहिल्या टर्नला त्याने सगळे गडी पुढे पळवले, दुसऱ्या टर्नला सगळ्यांच्या बंदुका झाडल्या आणि समोरचा भिडू अंगावर धावून आल्यावर मोठ्या आशेने विचारलं, “काका, आता मी झाडू शकतो ना?” त्याच्या बंदुका रिकाम्या होत्या. झाडलेली बंदूक भरायला वेगळी कृती लागते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. डाव संपला, तो सगळ्यांशी नीट बोलून गेला आणि पुन्हा आला नाही.

मला ते लागून राहिलं. फासे कसे वाचायचे, टेप गड्याच्या बेसच्या, म्हणजे पायाखालच्या चकतीच्या, कडेपासून कशी धरायची, हे सगळं आम्ही त्याला शिकवलं होतं. कोणती कृती कधी करता येते आणि ती केल्यावर हातातून काय जातं, तेवढं मात्र राहून गेलं. आणि खरा खेळ तर तिथेच असतो.

कबड्डी खेळलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. चढाईला एक दम आणि ३० सेकंद. बोनस रेषेपर्यंत गेलात, तर परतीपुरता दम राखावा लागतो. त्या पावलांची किंमत पुढे जाताना कळत नाही, परतताना मागून कोणी घोटा धरला की कळते. मिनिएचर खेळात प्रत्येक कृतीची एक किंमत नियमात छापलेली असते आणि दुसरी समोरच्याच्या टर्नमध्ये वसूल होते. नवा खेळाडू छापलेली तेवढी वाचतो. दुसरी कशी वाचायची, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: सामान

निदान पहिला महिना महागडी मॉडेलं विकत घेऊ नका. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे माळ्यावर असतीलच. नसतील तर दिवाळीआधी जांभळी नाक्याच्या बाजारात एक चक्कर मारा. प्लास्टिकचे मिळाले तर उत्तम, कारण प्लास्टरचा मावळा आडवा झाला की आधी भाला तुटतो. चार एका बाजूचे, चार दुसऱ्या बाजूचे, पायाशी रंगाचा ठिपका देऊन ओळखू येतील असे. इंच दाखवणारी टेप, लुडोचे फासे, वाटीभर राजमा आणि काडेपेटीच्या आठ काड्या. मैदान म्हणून तीन फूट बाय तीन फूट फरशी पुरते. पुस्तकं आणि स्वयंपाकघरातले डबे मांडले की आडोसा तयार.

राजमा कशाला, असं विचाराल. प्रत्येक गड्याच्या शेजारी त्याच्या दमाचे, म्हणजे त्या टर्नला खर्चायच्या ताकदीचे, दाणे ठेवायचे आणि कृती केली की दाणा उचलून वाटीत टाकायचा. डोक्यात ठेवलेला हिशोब तिसऱ्या गड्यापर्यंत चुकतो, मग वाद होतो, वादात दहा मिनिटं जातात. दाणा समोर असला की वाद होत नाही. काडी बंदुकीसाठी. काडी शेजारी आहे म्हणजे बार भरलेला, नाही म्हणजे रिकामा.

दुसरी पायरी: दोन दमांचा सराव

हे नियम मी नव्या मुलांना शिकवण्यासाठी जुळवले आहेत. एका वहीच्या पानावर मावतात.

प्रत्येक गड्याला प्रत्येक टर्नला दोन दम. चालायला एक दम, चार इंचांपर्यंत, आणि हे एकाच टर्नमध्ये दोनदा करता येतं. बाकी कुठलीही कृती टर्नमध्ये एकदाच. झाडायला एक दम: समोरचा बारा इंचांच्या आत आणि नजरेत हवा, फाशावर ५ किंवा ६ पडला की तो बाद, आणि लागो वा चुको, काडी उचलायची. नेम धरायला एक दम: मग त्याच टर्नमधली गोळी ४, ५ किंवा ६ ला लागते. बार भरायला एक दम: काडी परत ठेवायची. हल्ला करायला दोन्ही दम लागतात: सहा इंचांपर्यंत सरळ धावत जाऊन भिडायचं, दोघांनी एकेक फासा टाकायचा, हल्ला करणाऱ्याने आपल्या आकड्यात एक मिळवायचा, मोठा आकडा जिंकला, लहान बाद, बरोबरी झाली तर पुन्हा टाकायचे. शेवटचा नियम प्रतिकाराचा. ज्याच्यावर हल्ला आला त्याची बंदूक भरलेली असेल, तर भिडण्याआधी त्याला एक गोळी झाडता येते, दम न देता, पण ती फक्त ६ ला लागते आणि काडी जाते.

सगळ्यांच्या बंदुका भरलेल्या ठेवून सुरुवात करा. एका बाजूचे चारही गडी खेळले की दुसऱ्या बाजूचे चारही. दोन-तीन डाव काहीही विचार न करता खेळा. मग थांबा आणि एका गड्याचा हिशोब मांडा.

समजा, तुमचा एक गडी डब्याच्या आड उभा आहे, बंदूक भरलेली, समोरचा नऊ इंचांवर. एक पद्धत अशी: झाडा, मग भरा. दोन दम संपले, गोळी लागण्याची शक्यता तीनात एक, आणि टर्नच्या शेवटी काडी शेजारी आहे. दुसरी पद्धत: नेम धरा, मग झाडा. दोन दम संपले, शक्यता दोनात एक, पण काडी गेली. पुढच्या टर्नला भरून झाडायचं, म्हणजे पुन्हा तीनात एक, आणि पुन्हा टर्नच्या शेवटी बंदूक रिकामी. तीन टर्न असं खेळलात, तर पहिल्या पद्धतीने सरासरी एक गडी बाद होतो, दुसऱ्या पद्धतीने एक पूर्णांक एक षष्ठांश. सगळा फायदा एवढाच, सुरुवातीला एकदा धरलेल्या नेमाचा. आणि त्यासाठी तीनही वेळा समोरच्याच्या टर्नमध्ये तुम्ही रिकाम्या बंदुकीने उभे होतात.

आता रिकाम्या बंदुकीने उभं राहण्याची किंमत काढू. हल्ला करणारा एक मिळवतो, बरोबरीला पुन्हा फासे पडतात, म्हणजे भिडल्यावर तो शेकडा ६८ वेळा जिंकतो. तुमची बंदूक भरलेली असेल, तर भिडण्याआधीच सहात एकदा तो पडतो आणि त्याचं यश शेकडा ५६ वर येतं. अकरा-बारा टक्क्यांचा फरक. ही किंमत नियमाच्या पानावर कुठेही छापलेली नाही. ‘नेम धरणे: १ दम’ एवढंच तिथे लिहिलेलं आहे.

पण याचा अर्थ नेम धरूच नये असा नाही, आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग इथे येतो. हल्ल्याला दोन्ही दम लागतात, म्हणजे हल्ला करणाऱ्याला त्या टर्नला आधी चालता येत नाही. मग जो सहा इंचांच्या बाहेर आहे, तो येत्या टर्नला तुमच्यावर हल्ला करूच शकत नाही. वरच्या उदाहरणातला समोरचा नऊ इंचांवर आहे. त्याच्यापुरती तुमची भरलेली बंदूक या टर्नला पहारा देत नाही, नुसती भरलेली आहे. नेम धरा, झाडा, खुशाल रिकामे राहा. तोच पाच इंचांवर असता, तर झाडून भरणं शहाणपणाचं. म्हणजे कृती निवडण्याआधी प्रश्न असा विचारायचा: माझा टर्न संपेल तेव्हा माझ्या सहा इंचांत कोण असेल? टेप काढून मोजा. सरावात कधीही, कितीही वेळा मोजायला परवानगी द्या.

आणखी एक गोष्ट टेबलावर प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे. प्रतिकार फुकट, असं मी वर लिहिलं. तो फुकट नाही. प्रतिकाराची गोळी झाडून तुमचा गडी वाचला, तर पुढच्या टर्नला त्याची काडी नसते. त्याला झाडायचं असेल तर एक दम आधी बार भरण्यात जातो, म्हणजे तो चालून झाडू शकत नाही, नेम धरून झाडू शकत नाही. समोरच्याच्या टर्नमध्ये केलेल्या कृतीचं बिल तुमच्या टर्नमध्ये आलं. नियमात ‘दम न देता’ किंवा ‘खर्चाशिवाय’ असे शब्द दिसले की पुढच्या टर्नला काय कमी पडेल, ते आधी शोधा.

तिसरी पायरी: कोणाची पाळी, केव्हा

तेच चार-चार गडी, तेच नियम, फक्त पाळी बदला. आता एक गडी तुमचा, एक समोरच्याचा, असं आळीपाळीने खेळा. बारा इंचांच्या अंतरावर समोरासमोर मांडून दोन्ही पद्धतींनी एकेक डाव खेळून पाहा. पूर्ण बाजू एकदम खेळली, तर पहिली चाल करणाऱ्याचे चारही गडी वेगवेगळ्या माणसावर नेम धरून झाडतात आणि समोरच्याने एक बोटही हलवण्याआधी सरासरी त्याचे दोन गडी कमी होतात. आळीपाळीने खेळलात, तर एक गोळी झडते आणि लगेच उत्तर येतं. कृतींच्या किमती एका पैशाने बदलल्या नाहीत, तरी डाव ओळखू येत नाही इतका बदलतो. नवा खेळ शिकताना किमतींचा तक्ता पाठ करण्याआधी पाळीची पद्धत समजून घ्या, असं मी म्हणतो ते यासाठी.

मोठ्या खेळांमध्ये ढोबळमानाने तीन-चार पद्धती भेटतील. वॉरहॅमर ४०,००० मध्ये पूर्ण बाजू एकदम खेळते आणि टर्नचे टप्पे ठरलेले असतात. २०२३ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत ते पाच आहेत: कमांड, हालचाल, गोळीबार, चार्ज (म्हणजे अंगावर धावून जाणं), हातघाई. सगळ्यांची हालचाल आधी, सगळ्यांचा गोळीबार नंतर. गोळीबार सुरू केल्यावर आठवलं की एक तुकडी हलवायची राहिली, तर गाडी सुटली. किल टीममध्ये आळीपाळीने एकेक गडी आपल्या सगळ्या कृती करतो. बोल्ट ॲक्शनमध्ये दोन्ही बाजूंचे रंगीत फासे एका पिशवीत टाकतात, ज्याचा रंग निघेल त्याने आपल्या एका तुकडीला हुकूम द्यायचा, त्यामुळे पुढची पाळी कोणाची हे कोणालाच माहीत नसतं. तिथे ‘हे मी नंतर करेन’ असं ठरवणंसुद्धा एक जोखीम आहे. एक्स-विंग या स्टार वॉर्समधल्या लढाऊ अंतराळयानांच्या खेळात तर हालचाल करताना कमी कसबाचा वैमानिक आधी जातो आणि गोळी झाडताना जास्त कसबाचा आधी. दोन्हीकडे फायदा कसलेल्यालाच, कारण इतर कुठे गेले ते बघून तो हलतो आणि त्यांच्या आधी झाडतो.

चौथी पायरी: किंमत कशात घेतात ते ओळखा

दम किंवा ॲक्शन पॉइंट ही सगळ्यात सरळ पद्धत. किल टीममध्ये बहुतेक गड्यांना दोन पॉइंट, स्पेस मरीनसारख्या दणकट गड्यांना तीन. झाडायला एक, चालायला एक, पण शत्रूला भिडलेल्या गड्याला मागे घ्यायचं तर दोन. म्हणजे साधा गडी एकदा भिडला की त्याला सोडवण्यात त्याची पूर्ण पाळी जाते. हा आकडा वाचला की कोणाला भिडवायचं आणि कोणाला नाही, हे आपोआप सुचायला लागतं.

दुसरी पद्धत मनाईची. पॉइंट वगैरे काही नाही, पण हे केलंत तर ते करता येणार नाही. वॉरहॅमरमध्ये तुकडी एक फासा टाकून तितके इंच जास्त पळू शकते. त्या बदल्यात त्या टर्नला बहुतेक शस्त्रं बंद आणि चार्जही बंद. ही पद्धत फार जुनी आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले, त्यात तोफ एका चालीत हलवता येते किंवा डागता येते, दोन्ही नाही. डागायचं ठरवलं तर चार गोळ्यांपर्यंत. शंभर वर्षांहून जुना नियम आहे आणि आजही मला तो अतिशय देखणा वाटतो.

तिसरी पद्धत साठत जाणाऱ्या किमतीची. बॅटलटेकमध्ये महाकाय यंत्रमानव लढतात आणि प्रत्येक गोष्टीने उष्णता वाढते. चालल्याने १, पळाल्याने २, पीपीसी नावाच्या मोठ्या तोफेने १०, मध्यम लेझरने प्रत्येकी ३. समजा तुमच्या यंत्रात दहा साधे हीट सिंक आहेत, म्हणजे टर्नच्या शेवटी दहा उष्णता निघून जाते. पळालात, तोफ डागली, तीन लेझर झाडले: २, १० आणि ९ मिळून २१. दहा गेले, अकरा उरले. अकरा उष्णतेवर पुढच्या टर्नला तुमची चाल दोनने घटते आणि नेम एकने अवघड होतो. शिवाय त्या टर्नलाही पळत झाडल्यामुळे नेम दोनने अवघड झालेला होताच. एका कृतीचे दोन हप्ते. नवे खेळाडू इथे सगळं एकदम झाडून मोकळे होतात आणि दोन टर्न तापलेलं यंत्र घेऊन हळूहळू चालत बसतात. माझा नियम: पहिल्या डावात एका टर्नची एकूण उष्णता दहाच्या वर न्यायचीच नाही. हात बसला की मग मुद्दाम न्या.

चौथी पद्धत धोक्याची, आणि शिकायला सगळ्यात मजेची. साँग ऑफ ब्लेड्स अँड हीरोज या खेळात गड्याची पाळी आली की एक, दोन की तीन फासे टाकायचे, ते तुम्हीच ठरवता. जितके फासे यशस्वी, तितक्या कृती. पण दोन किंवा जास्त फसले, तर त्या गड्याच्या मिळालेल्या कृती झाल्यावर तुमची पूर्ण पाळी संपते, उरलेले गडी तसेच बसतात. ज्याला ४ किंवा जास्त लागतो असा मध्यम गडी तीन फासे टाकतो, तेव्हा पाळी जाण्याची शक्यता निम्मी असते. दोनच टाकले तर पाव. एक टाकला तर शून्य. ज्याला ३ पुरतो अशा चांगल्या गड्याला तीन फाशांवर धोका शेकडा २६. हे चार आकडे वहीत लिहून ठेवा, त्या खेळाची निम्मी समज त्यात आहे.

या पद्धतीतून एक सवय सगळीकडे उपयोगी पडते: बिनधोक कामं आधी, फाशाची कामं मागून. ब्लड बोल या टेबलावर खेळायच्या चेंडूच्या खेळात चेंडू हातातून निसटला किंवा आपलाच गडी आपटला की टर्न तिथेच संपतो. अर्ध्या वेळेत आठच टर्न मिळतात. म्हणून आधी ज्यांना फासा टाकायची गरजच नाही ते गडी जागेवर लावायचे, आणि चेंडू फेकायचा तो शेवटी. घाईत उलटं केलं की पासही फसतो आणि पाच गडी उघड्यावर राहतात. हे मी स्वतः कित्येकदा भोगलं आहे.

पाचवी पायरी: आधी बोला, मग हलवा

बुद्धिबळात हात लावला की चाल. मिनिएचर खेळात मी नव्यांना सांगतो, आधी तोंडाने सांगा: कोण, कोणती कृती, कोणावर. मग दाणा उचला. मग गडी हलवा किंवा फासा टाका. हा क्रम तीन डाव पाळलात की अंगात भिनतो.

कारण कितीतरी नियम ‘ठरवलं’ आणि ‘घडलं’ यांच्या मधल्या क्षणावर उभे असतात. वॉरहॅमरमध्ये एक तुकडी झाडते तेव्हा तिच्या सगळ्या बंदुका कोणावर आहेत हे पहिला फासा पडण्याआधी सांगावं लागतं. दोन गोळ्यांतच समोरचा मेला, तरी उरलेल्या दुसरीकडे वळवता येत नाहीत. चार्जचंही तसंच. कोणावर जाणार ते आधी सांगायचं, मग दोन फासे टाकायचे. ७ किंवा जास्त हवे असतील तर शेकडा ५८ वेळा पडतात, ९ हवे असतील तर शेकडा २८. कमी पडले तर तुकडी जागेवरच उभी राहते, आणि तुम्ही तर तिला चार्जसाठी आडोशातून बाहेर काढून ठेवलेलं असतं. म्हणून चार्ज जाहीर करण्याआधी, अगदी हालचालीच्या टप्प्यातच, ‘फसला तर ही तुकडी कुठे उभी असेल’ हे बघून घ्या.

दोन नियम एकाच क्षणी लागू झाले तर? बऱ्याच खेळांत ज्याचा टर्न चालू आहे तो क्रम ठरवतो. वॉरहॅमरमध्ये तसंच आहे. तुमच्या खेळाच्या पुस्तकात हे वाक्य शोधून तिथे खूण करून ठेवा. डाव रंगात आल्यावर ते सापडत नाही.

सहावी पायरी: समोरच्याच्या टर्नमध्ये

ज्या खेळांत प्रतिक्रिया आहेत, तिथे आपला टर्न संपला म्हणून चहा आणायला उठू नका. इन्फिनिटी या स्पॅनिश खेळात हे टोकाला नेलं आहे. तुमचा प्रत्येक गडी साधारण एक ऑर्डर देतो, त्या सगळ्या एका साठ्यात जमतात आणि हव्या तितक्या एकाच गड्यावर खर्च करता येतात. ऐकायला सोपं वाटतं: सगळ्यात भारी गडी घ्या आणि सगळ्या ऑर्डर त्याच्यावर उडवा. पण तुमचा गडी ज्यांना दिसतो त्या प्रत्येक शत्रूला तुमच्या प्रत्येक ऑर्डरला उत्तर देता येतं, तेही त्याच क्षणी. ऑर्डरची छापील किंमत एक. खरी किंमत, किती डोळे बघतायत त्यावर. नवा खेळाडू अंतर मोजत बसतो. इथे आधी नजरेच्या रेषा मोजायच्या असतात. टेबलाशी वाकून, गड्याच्या उंचीवर डोळा नेऊन बघा, वरून बघितलेलं खोटं असतं.

ज्या खेळात ‘पहारा’ किंवा ‘दबा’ अशी कृती आहे, तिथे ती सगळ्यांना एकदम देऊ नका. बोल्ट ॲक्शनमध्ये दबा धरलेली तुकडी समोरच्याच्या हालचालीची वाट बघते. तो तिच्यासमोर आलाच नाही, तर तिची ती पाळी वाया जाऊ शकते. एका वाटेवर एक पहारा पुरतो.

कालावधीचे शब्दही इथेच अडवतात. ‘या टर्नच्या शेवटापर्यंत’ आणि ‘तुमचा पुढचा टर्न सुरू होईपर्यंत’ यांत समोरच्याच्या पूर्ण टर्नचा फरक असतो. बचावाचा फायदा पहिल्या शब्दांत लिहिलेला असेल, तर तो गरजेच्या वेळी संपलेला असतो. टर्न म्हणजे एका बाजूची पाळी की दोघांची मिळून फेरी, हे प्रत्येक खेळ आपापलं ठरवतो. पुस्तक उघडल्यावर पहिल्यांदा तेवढं वाचा.

सातवी पायरी: घड्याळ

आमच्यातला एक भिडू नेरूळहून ट्रान्स-हार्बर लोकलने येतो, त्याला साडेआठच्या आत निघावं लागतं. म्हणून डाव पाचला सुरू आणि आठला बंद. तीन तासांत डाव पुरा होत नसेल, तर चूक बहुतेक वेळा गडी जास्त घेण्याची असते. बुद्धिबळाचं घड्याळ मोबाइलवर लावा, दोघांना दीड-दीड तास. नव्या माणसाशी खेळताना त्याला वीस मिनिटं जास्त द्या आणि तसं आधीच सांगा, म्हणजे त्याला घाई वाटत नाही.

वेळेचं बंधन या खेळाइतकंच जुनं आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये नकाशावर लढाई खेळायला सुरुवात झाली, तेव्हा एक चाल म्हणजे दोन मिनिटांची लढाई असं धरलेलं होतं. दोन मिनिटांत तुकडी जितकी चालेल तितकीच नकाशावर सरकायची. वेल्स यांनी तर खेळाडूलाच वेळ लावली: तीस माणसांमागे एक मिनिट आणि प्रत्येक तोफेला एक मिनिट. ११० शिपाई आणि तीन तोफा असतील, तर सात मिनिटं भरपूर झाली, असा त्यांचा हिशोब. आमच्याकडे वीस गड्यांना सात मिनिटं पुरत नाहीत. पण मुलांना मी एक शिकवतो: समोरचा खेळत असताना आपला पहिला गडी आणि त्याच्या पहिल्या दोन कृती ठरवून ठेवा. तेवढ्याने प्रत्येक टर्नला दोन मिनिटं सहज वाचतात.

आठवी पायरी: सरावातून खऱ्या नियमांकडे

मावळ्यांचे सहा-सात डाव झाले, हातात दाणा असताना तो टाकण्याआधी नजर टेपकडे जायला लागली, की मोठे नियम घ्या. मी वन पेज रूल्सपासून सुरुवात करायला सांगतो. त्यांचे मूळ नियम फुकट डाऊनलोड होतात, कुठल्याही कंपनीची मॉडेलं चालतात, आणि पाळी आळीपाळीची आहे. गड्याला चारच हुकूम. जागेवर थांबून झाडा. सहा इंच सरकून झाडा. बारा इंच पळा, पण मग झाडायचं नाही. किंवा बारा इंच धावून भिडा. किमतींचा तक्ता वेगळा नाही, सगळी किंमत मनाईत आहे, आणि ती तुम्हाला आता पहिल्या वाचनात दिसेल.

त्यात एक बारीक नियम आहे, तो सुटू देऊ नका. एका फेरीत तुकडी पहिल्यांदा हातघाईत लढली की ती थकते, आणि फेरी संपेपर्यंत हातघाईत फक्त ६ लाच मारू शकते. स्वतः हल्ला केला तरी थकते, आणि समोरून आलेल्या हल्ल्याला उलट मारलं तरीही थकते. उलट मारायचं की नाही, हे तुमच्या हातात असतं. एक दुबळी तुकडी तुमच्या दणकट तुकडीवर येऊन आपटते, हात शिवशिवतात, तुम्ही उलट मारता, ती पडते. आणि पुढच्याच पाळीला समोरच्याचा खरा पहिलवान येऊन भिडतो, तेव्हा तुमचे दणकट गडी ६ ची वाट बघत असतात. म्हणून राजम्याची वाटी तिथेही सोबत न्या. थकलेल्या तुकडीशेजारी एक दाणा ठेवायचा, आणि उलट मारण्याआधी समोर अजून कोणाची पाळी बाकी आहे, ते मोजायचं.